नायट्रोजन भरलेलं पाकीट तरी खवट का निघतं? गॅस पॅकिंगच्या तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात: ‘ताई, नायट्रोजन मारलाय, तरी माल परत आला.’ मी सोलापुरात एका पॅकिंग युनिटमध्ये तपासणीचं काम बघते. फोन करणारे कोणी शेंगा चटणीवाले, कोणी कडक भाकरीचा बचत गट, तर कोणी डाळिंबाचे दाणे सोलून मुंबईला पाठवणारे. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरं आपल्या मालाच्या आणि आपल्या उन्हाच्या हिशोबानं दिली आहेत.

गॅस पॅकिंग म्हणजे नेमकं काय? व्हॅक्यूम केलं तर नाही का चालत?

साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. पाकिटातली ही हवा काढून तिच्या जागी आपल्याला हवं ते मिश्रण भरायचं, म्हणजे गॅस पॅकिंग. पुस्तकी नाव मॉडिफाइड अ‍ॅटमॉस्फिअर पॅकेजिंग. नायट्रोजन स्वतः काही करत नाही, ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि तेवढंच त्याचं काम. कार्बन डायऑक्साइड मात्र बुरशी आणि बऱ्याच जिवाणूंना रोखतो, पण तो पाण्यात आणि तुपा-तेलात विरघळतो, त्यामुळे पनीर किंवा खव्याचं पाकीट दोन दिवसांनी आत ओढलेलं दिसतं. ऑक्सिजन मुद्दाम भरतात तो ताज्या मटणाचा लाल रंग टिकवायला.

व्हॅक्यूमनं चटणीची वीट होते आणि भाकरीचा चुरा. म्हणून गॅस.

कल्पना नवी नाही. केंब्रिजमध्ये किड आणि वेस्ट या दोघा संशोधकांनी १९२० च्या दशकात सफरचंदांच्या कोठारातली हवा बदलून फळं जास्त दिवस टिकवली होती. दुकानातल्या छोट्या पाकिटात ही पद्धत रुळली ती १९७९ नंतर, ब्रिटनमध्ये मार्क्स अँड स्पेन्सरनं असं मटण विकायला ठेवलं तेव्हापासून.

शेंगा चटणीच्या पाकिटात ऑक्सिजन किती चालतो?

शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. आपली चटणी तर उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात, म्हणजे ते तेल दाण्याच्या आतून बाहेर येऊन कणाकणावर पसरतं. अख्ख्या भाजक्या दाण्यापेक्षा कुटलेली चटणी लवकर खवट होते ती यामुळे. चव ज्यामुळे येते, तीच गोष्ट मुळावर येते.

आमच्याकडे दोन टक्क्यांच्या वर गेलेलं पाकीट नापास. प्रयत्न एक टक्क्याच्या आत राहण्याचा. ही रेषा आमची आहे, कायद्याची नाही. तुमचा माल महिन्याभरात गावातच संपत असेल तर इतकं ताणायची गरज नाही. नवी पेठेतल्या दुकानात पंधरा दिवसांत उठणाऱ्या चटणीला चांगलं जाड पाकीट आणि सावली पुरते.

आकडा नीट समजून घ्या. पाकिटात २०० मिली मोकळी जागा असेल तर साध्या हवेत ४२ मिली ऑक्सिजन असतो, दोन टक्क्यांवर आणला की ४ मिली. ही ४ मिली चटणी पचवते. ४२ पचवत नाही.

मशीनवाला म्हणतो, कोणतंही पाऊच घ्या, नायट्रोजन असला की सहा महिने बघायला नको. खरं का?

नाही. आणि हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता, कागद-पेन घेऊन बसा.

प्लास्टिकमधून ऑक्सिजन झिरपतो. किती झिरपतो त्याचा एक आकडा असतो, त्याला ओटीआर म्हणतात: एक चौरस मीटर फिल्ममधून एका दिवसात किती मिली. पाऊचवाल्याकडे हा आकडा लेखी मागा. बारा मायक्रॉन पॉलिस्टर आणि त्याला आतून पॉलिथिन लावलेल्या पारदर्शक लॅमिनेटचा आकडा साधारण शंभरच्या आसपास असतो. तेच पॉलिस्टर मेटलाइज्ड असेल, म्हणजे चकचकीत चंदेरी, तर एकच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम फॉइल असेल तर जवळपास शून्य.

आता १५ बाय २० सेंटीमीटरचं पाऊच धरा. दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर. ओटीआर मोजताना बाहेर शंभर टक्के ऑक्सिजन धरतात, आपल्याकडे हवेत २१ टक्केच, म्हणून ०.२१ नं गुणायचं. पारदर्शक पाऊचला: ०.०६ गुणिले १०० गुणिले ०.२१, म्हणजे रोज सव्वा मिली. महिन्याला ३८ मिलीच्या आसपास. मघाचा आकडा आठवा, साध्या हवेच्या पाकिटातच ४२ मिली होता! म्हणजे महिन्याभरात तुमच्या चटणीच्या वाट्याला जवळपास बिननायट्रोजनच्या पाकिटाइतकाच ऑक्सिजन आला. गॅसचे पैसे पाण्यात. मेटलाइज्ड पाऊचला हाच हिशोब तीन महिन्यांना जेमतेम एक मिलीवर येतो.

‘गिऱ्हाइकाला चटणीचा लाल रंग दिसला पाहिजे’ म्हणून पारदर्शक पाऊच हवंच असेल तर मध्ये ईव्हीओएचचा, म्हणजे ऑक्सिजन अडवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचा, थर असलेलं लॅमिनेट मिळतं. महाग पडतं, आणि ओल लागली की त्याची अडवण्याची ताकद घटते. खिडकीवाल्या पाऊचवर माझा फारसा जीव नाही. तेलाला उजेडही मानवत नाही.

सील तपासायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

इथे थोडं थांबून सांगते, कारण आमच्याकडे परत येणाऱ्या पाकिटांत सर्वांत जास्त वाटा सीलचा असतो.

गेल्या उन्हाळ्यात सकाळी आमचं ऑक्सिजनचं रीडिंग १.२ टक्के येत होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ३ झालं. मशीनवरच्या पोरानं सरळ विचार केला, ऑक्सिजन वाढला म्हणजे गॅस कमी पडतोय, आणि त्यानं नायट्रोजनचा दाब वाढवला. रीडिंग ६ वर गेलं. त्यानं आणखी वाढवला. मी तिथे पोचले तेव्हा पाकिटं उशीसारखी फुगली होती आणि दिसायला अगदी देखणी होती. एक पाकीट उजेडासमोर धरलं तर वरच्या सीलमध्ये बारीक लाल ठिपके, राईच्या निम्म्या आकाराचे, एका ओळीत. गॅसच्या झोतानं चटणीची भुकटी उडून सीलच्या जागेवर बसत होती, आणि प्रत्येक ठिपक्याच्या बाजूनं केसाएवढी वाट उघडी राहत होती. जितका गॅस जास्त, तितकी भुकटी जास्त, तितकी गळती जास्त. शिवाय जोराच्या झोतात भोवतालची हवाही आत ओढली जाते, ते वेगळंच. दाब मूळ आकड्यावर आणला, चटणी पडते ती नळी पाच सेंटीमीटर खाली घेतली, आणि तासाभरात रीडिंग पुन्हा जागेवर. तीन हजारांवर पाकिटं मात्र फोडावी लागली.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर एक सूचना आहे: रीडिंग वाढलं तर आधी सील बघा, गॅसच्या चावीला हात नंतर.

बघायचं ते असं. पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून सीलवर कण, तेलाचा डाग, सुरकुती आहे का ते बघा. मागची उभी शिवण आडव्या सीलला जिथे मिळते, ती जागा बोटानं चाचपा. तिथे फिल्मचे दोनाऐवजी चार थर येतात, पायरी तयार होते, आणि त्या पायरीच्या कुशीतून गळती होते. मग दर तासाला एक पाकीट हातानं उघडून बघा. सील सोलल्यासारखं अलगद सुटलं तर जॉ, म्हणजे सील दाबणारा तापता जबडा, गार आहे किंवा वेळ कमी पडतोय. सील न सुटता शेजारची फिल्म ताणली गेली, फाटली, तर ठीक. आणि सील पांढरट, आक्रसलेलं, कडेला मोडत असेल तर उष्णता जास्त झाली. उष्णता, दाब आणि वेळ, या तिघांपैकी एका वेळी एकच बदलायचं आणि वहीत लिहायचं. तिन्ही एकदम बदलले की कशानं दुरुस्त झालं ते कोणालाच कळत नाही.

जॉवरची टेफ्लॉनची पट्टी जळाली, फाटली की बदला. ती चार दिवस जास्त चालवून वाचवलेले पैसे एका परत आलेल्या खोक्यात जातात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत फिल्मला स्थिर वीज धरते आणि भुकटी तिला चिकटून बसते. तेव्हाही हेच ठिपके दिसतात.

आमच्याकडे ऑक्सिजन मोजणारा गॅस अ‍ॅनालायझर नाही. बचत गटाला परवडत नाही. मग?

गळती तर तपासता येते. पाण्याच्या घमेल्यात पाकीट बुडवा, हलकेच दाबा, आणि सीलच्या कडेनं बुडबुड्यांची माळ सुटते का बघा. एखादा अडकलेला बुडबुडा वेगळा, एकाच जागेवरून सलग येणारी माळ वेगळी. अगदी बारीक गळती यात सापडत नाही. त्यासाठी रिकामं पाकीट सील करून एका बाजूनं कापायचं, स्पिरिटमध्ये खायचा रंग कालवून आत सीलच्या कडेला ओतायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग सील ओलांडून बाहेर आला तर तिथे वाट आहे. तपासलेलं पाकीट विकायचं नाही, हे सांगायला नको.

ऑक्सिजनचं रीडिंग मात्र डोळ्यांनी कळत नाही. फुगलेलं पाकीट म्हणजे आत नायट्रोजन, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, हवा भरूनही पाकीट फुगतं. दोन-तीन गटांनी मिळून एक अ‍ॅनालायझर घेतलेला मला माहीत आहे. ही व्यवस्था बरी चालते, फक्त वही प्रत्येकाची वेगळी ठेवा.

अ‍ॅनालायझर आहे, पण आकडे उड्या मारतात. मशीन बिघडलं का?

आधी सुई बघा. चटणीचं तेल सुईत आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतं. पाकिटावर रबरी टिकली लावल्याशिवाय सुई टोचू नका, नाहीतर भोवतीनं हवा आत जाते. सुईचं टोक मोकळ्या जागेत हवं, चटणीत रुतलेलं नको. छोट्या पाकिटात गॅसच थोडा असतो, त्यातून दुसऱ्यांदा नमुना ओढला तर येणारा आकडा सोडून द्या.

रोज सकाळी सुई मोकळ्या हवेत धरा, २०.९ दिसायला हवं. मग सिलिंडरचा शुद्ध नायट्रोजन द्या, शून्याजवळ यायला हवं. या दोन्ही रीडिंगची नोंद नसेल तर दिवसभराच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पॅक केल्यावर १ टक्का होतं, दुसऱ्या दिवशी २ झालं. गळतंय का?

कदाचित नाही. चटणीच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. झोत वरून फिरतो, त्या फटींतली हवा निघत नाही, आणि रात्रभरात ती हळूहळू वरच्या मोकळ्या जागेत मिसळते. म्हणून आम्ही प्रत्येक बॅचची काही पाकिटं चोवीस तासांनी पुन्हा मोजतो, आणि नापास-पास ठरतं ते या दुसऱ्या रीडिंगवर. तिसऱ्या, पाचव्या दिवशीही आकडा चढतच राहिला तर मात्र गळती.

याच्या उलटही घडतं आणि लोक खूश होतात: महिन्यानं मोजलं तर ऑक्सिजन ३ वरून १ वर आलेला! ती आनंदाची बातमी नव्हे. तो ऑक्सिजन बाहेर गेला नाही, चटणीतल्या तेलानं खाल्ला. पाकीट उघडून वास घ्या.

किती पाकिटं तपासायची?

काम सुरू होताना, रोल बदलल्यावर, सिलिंडर बदलल्यावर, मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यावर, आणि एरवी दर अर्ध्या तासाला तीन. लाइट जाऊन आली की ते ‘थांबून पुन्हा सुरू’ यातच धरायचं. जॉ गार झालेला असतो आणि पहिली दहा-वीस पाकिटं नीट चिकटत नाहीत.

एक पाकीट नापास निघालं तर फक्त तेवढंच फेकू नका. मागच्या वेळी जिथे सगळं बरोबर निघालं होतं, तिथपासून आतापर्यंतचा माल बाजूला काढा. अर्ध्या तासाचा नियम यासाठीच आहे. चार तासांनी एकदा तपासणाऱ्याला चार तासांचा माल बाजूला काढावा लागतो, आणि तो काढत नाही, हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

कडक भाकरीला नायट्रोजन लागतो का?

माझं मत, फारसा नाही. ज्वारीच्या भाकरीत तेल थोडं, तिचा वैरी ऑक्सिजन नसून ओल आहे. ती खवट व्हायच्या कितीतरी आधी सादळते. म्हणून तिच्या पाऊचला ओटीआरपेक्षा पाण्याची वाफ किती शिरते तो आकडा, डब्ल्यूव्हीटीआर, जास्त महत्त्वाचा. या बाबतीत साधं बीओपीपी, म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची फिल्म, पॉलिस्टरपेक्षा बरं ठरतं. गॅसचा एक फायदा मान्य, पाकीट फुगलेलं राहिलं की प्रवासात भाकरी कमी तुटते. पण तेवढ्यासाठी कोरडी हवाही चालेल. मशीन घेण्याआधी भाकरी तव्यावरून उतरल्यावर किती वेळानं पाकिटात जाते ते घड्याळ लावून बघा. पावसाळ्यात दोन तास उघडी राहिलेली भाकरी पाकिटात जाण्याआधीच मऊ पडलेली असते. आणि गरम भरली तर आतून वाफ धरते.

संक्रांतीच्या शेंगापोळीला नायट्रोजन भरला, तरी आठ दिवसांत बुरशी आली.

पोळीत ओल असते आणि काही बुरशींना एक-दोन टक्के ऑक्सिजनही पुरतो. निव्वळ नायट्रोजन त्यांना अडवत नाही. अशा मालाला कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं मिश्रण लागतं, बेकरीच्या पदार्थांना साधारण ६० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन वापरतात. पोळी पूर्ण गार करून भरा.

ओल्या लसणाची चटणी गॅस पॅक करू का?

या प्रश्नाला मी फोनवर घाईत उत्तर देत नाही.

ऑक्सिजन काढून घेतला की बुरशी आणि खवटपणा थांबतो, पण ज्यांना ऑक्सिजन नकोच असतो अशा जंतूंना मोकळं रान मिळतं. त्यांतला सर्वांत वाईट क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. तो मातीतून लसणावर येतो, त्याचं विष पदार्थाचा वास-चव न बदलताही तयार होऊ शकतं, आणि ते जीव घेतं. साध्या तापमानाला ठेवायच्या मालात त्याला रोखण्याचे दोन भरवशाचे मार्ग आहेत: आंबटपणा, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली, किंवा कोरडेपणा, म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी ०.९४ च्या खाली. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे पदार्थातलं किती पाणी जंतूंच्या हाती लागण्याजोगं आहे त्याचं माप, शून्य ते एक. तुम्ही मात्र ०.८५ च्या पुष्कळ खाली राहा, तिथे रोगजंतू वाढतच नाहीत. ०.६ च्या आसपास गेलात तर बुरशीचीही काळजी मिटते. प्रयोगशाळेत ही तपासणी सहज होते.

पण एक मेख आहे. नीट न वाळलेली लसणाची पाकळी कोरड्या चटणीत कुटली तर सरासरी आकडा छान येतो, आणि त्या पाकळीच्या तुकड्यात मात्र ओल तशीच असते. म्हणून लसूण परतून किंवा वाळवूनच घ्या, बारीक कुटा, चटणी एक रात्र हवाबंद पिंपात मुरू द्या आणि मगच नमुना काढा. ओल्या लसणाची, ओल्या मिरचीची चटणी करायचीच असेल तर ती फ्रिजमधली वस्तू आहे. तिला गॅस भरून पेठेत टांगू नका.

आणखी दोन गोष्टी गॅसच्या आवाक्यातल्या नाहीत. साल्मोनेला हा जंतू कोरड्या शेंगदाण्यात वाढत नाही, पण महिनोन्‌महिने जिवंत राहतो. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या पेस्टमधून तो पसरला, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि नऊ जण दगावले. त्याला मारते ती भाजणी, म्हणून कच्चे दाणे आणि भाजलेले दाणे यांची घमेली, सूप, झाडूसुद्धा वेगळे ठेवा. दुसरी गोष्ट अफलाटॉक्सिन, बुरशी लागलेल्या दाण्यातलं विष. ते भाजून पुरतं जात नाही, गॅसनं तर मुळीच नाही. काळपट, सुरकुतलेले, कुबट दाणे निवडायला बसणाऱ्या मावशींचं काम माझ्या अ‍ॅनालायझरइतकंच मोलाचं आहे, आणि त्यांना उजेड पुरेसा मिळत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

डाळिंबाच्या दाण्यांना शुद्ध नायट्रोजन दिला, तर दारूसारखा वास आला. का?

कारण दाणे जिवंत आहेत, श्वास घेतात. सगळा ऑक्सिजन काढून घेतलात, त्यांचा जीव गुदमरला, आंबण सुरू झालं आणि अल्कोहोल तयार झालं. चटणीचा नियम फळाला लावायचा नाही. इथे झिरपणारी फिल्म हवी, म्हणजे दाणे जितका ऑक्सिजन वापरतील तितका आत येत राहील. सोललेल्या फळांना साधारण ३ ते ५ टक्के ऑक्सिजन आणि ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडच्या आसपास तोल साधायचा प्रयत्न करतात. फिल्म, दाण्यांचं वजन आणि तापमान या तिघांचं जमलं तरच तो साधतो.

आणि तापमान ५ अंशांच्या आत, सोलण्यापासून गिऱ्हाइकाच्या फ्रिजपर्यंत. गाडीतलं तापमान वाढलं की दाण्यांचा श्वास वाढतो, फिल्म तितकी वेगानं ऑक्सिजन आत घेत नाही, आणि तोल कोसळतो. पाकिटाच्या तळाला लाल पाणी साचलं असेल तर दाणे सोलतानाच फुटलेत. वास आलेल्या पाकिटाचं रीडिंग घेताना जपा, काही अ‍ॅनालायझरमधला तापलेला झिर्कोनियाचा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेनं फसतो आणि ऑक्सिजन खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो.

सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला आहे. दाण्यांचं काम सुरू करण्याआधी तिथे एक चक्कर मारा. मशीन विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा बरं.

मे महिन्यातच जास्त माल परत येतो. काय चुकतं?

सोलापूरचं ऊन. बाहेर ४३ अंश असतात तेव्हा पत्र्याखालच्या गोडाऊनमध्ये, उभ्या टेम्पोत त्याहून जास्त. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना तेल बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांला जे चार महिन्यांत व्हायचं ते ४५ ला एका महिन्यात. शिवाय गरम फिल्ममधून ऑक्सिजनही जास्त झिरपतो.

गॅस तापून फुगतो तो वेगळा, २५ वरून ४५ अंशांवर सुमारे ७ टक्के. दुकानदार फोन करतात, ‘पाकिटं फुगलीत, माल सडला.’ कोरड्या चटणीचं पाकीट सावलीत गार झाल्यावर पूर्ववत झालं तर काही बिघडलेलं नाही. पण ओल्या किंवा फ्रिजमधल्या मालाचं पाकीट गार असतानाही फुगलेलं असेल तर ते उघडून चाखू नका, सरळ टाकून द्या.

ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या टाकल्या तर मशीन लागणार नाही ना?

छोट्या उद्योगाला हा मार्ग खरंच चांगला आहे. पुडीत लोखंडाची भुकटी असते, ती गंजते आणि ऑक्सिजन संपवते. एक ग्रॅम लोखंड साधारण ३०० मिली ऑक्सिजन घेऊ शकतं. गंजायला ओल लागते, म्हणून कोरड्या चटणीसाठी स्वतःची ओल आत असलेली पुडी मागून घ्या. पुड्यांचं मोठं पाकीट फोडलं की लगेच वापरा. उघड्यावर राहिली तर ती टेबलावरच गंजून मोकळी होते. आणि फिल्म झिरपणारी असेल तर पुडीही महिन्याभरात हात टेकते.

सिलिंडर वेल्डिंगवाल्याकडचा चालेल? तो स्वस्त देतो.

नको. खाण्याच्या मालाला फूड ग्रेड गॅसच घ्या आणि सोबत शुद्धतेचं प्रमाणपत्र. हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा जनरेटर असेल तर त्याच्या तोंडाशीच रीडिंग घ्या. त्यातून ९८ टक्के नायट्रोजन निघत असेल तर उरलेल्या दोनात जवळपास सगळा ऑक्सिजनच असतो, मग पाकिटात एक टक्का कुठून येणार?

जिवाची गोष्टही इथेच सांगते. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरतंय हे कळत नाही. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर गॅस असतो. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो पूर्ण गळाला तर ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास येतो. १९.५ च्या खाली गेला की धोका सुरू. एसी टिकावा म्हणून दार-खिडक्या बंद करून पॅकिंग करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. सिलिंडर शक्यतो बाहेर ठेवा, साखळीनं बांधा, आणि दुपारी त्या खोलीत कोणाला झोपू देऊ नका.

लेबलवर गॅसचं काय लिहायचं?

पॅकिंग गॅस म्हणून नायट्रोजनचा आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थात वापरायच्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ९४१, कार्बन डायऑक्साइडचा २९०. पण त्याआधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीची सूचना ठळक आहे का बघा. तीच जास्त वेळा राहून गेलेली असते.

टिकण्याची मुदत शेजारच्या ब्रँडसारखी सहा महिने लिहिली तर?

शेजाऱ्याचं पाऊच, दाणे, भाजणी, सगळं वेगळं. स्वतःची पाकिटं ठेवून बघा: काही सावलीत, काही प्रयोगशाळेच्या ३७-३८ अंशांच्या कपाटात, आणि काही सरळ तुमच्या पत्र्याखाली, कारण तुमचं खरं गिऱ्हाईक तिथलाच माल घेणार आहे. दर पंधरा दिवसांनी उघडा. ऑक्सिजन, ओल, तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू (तेल बिघडायला लागल्याचा आकडा), आणि नाक.

पेरॉक्साइडचा आकडा आधी चढतो आणि नंतर उतरतो, कारण पेरॉक्साइडं मोडून त्यांतूनच खवट वासाची द्रव्यं तयार होतात. त्यामुळे जुन्या मालात कमी आकडा आला म्हणून हुरळू नका, त्याबरोबर अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यूही मागा, ती मोडून तयार झालेली द्रव्यं दाखवते. नाकासाठी आम्ही पाच जण बसवतो, त्यांत चटणी कुटणारं कोणीच नसतं. स्वतःची चटणी कोणाला खवट लागत नाही.

परत आलेल्या पाकिटाचं काय करायचं?

उघडू नका! दुकानदार बहुतेक वेळा उघडून, वास घेऊन, स्टेपल मारून पाठवतो, आणि आतला सगळा पुरावा जातो. त्याला आधीच सांगून ठेवा की न उघडलेलं दुसरं पाकीट त्याच बॅचचं पाठव. आलं की आधी रीडिंग, मग पाण्यात बुडवून सील, मग उजेडात सीलचे ठिपके, मग वास. ऑक्सिजन २० च्या आसपास आणि सीलमध्ये वाट असेल तर चूक आपल्या मशीनची. सील शाबूत, पण ऑक्सिजन चढलेला, तर फिल्मची, पाऊचवाल्याला तो लेखी आकडा दाखवा. ऑक्सिजन कमी, सील शाबूत आणि तरी खवट, तर आपण साठवून ठेवलेल्या त्याच बॅचच्या पाकिटाचा वास घ्या. तेही खवट असेल तर दाणे भरतानाच जुने होते, आणि वही उघडून त्या दिवशी दाणे कोणाकडून आले होते ते बघायचं.